विकेंद्रित राज्यातल्या नेमणुका

राज्यसंस्थेचे खरे स्वरूप जाणावयाचे असेल तर तिची घोषणापत्रे बाजूस ठेवून तिच्या नेमणुकांचे दप्तर उघडावे. कोणास कोणत्या गुणावर कामास लावले, त्याच्याकडून जामीन काय घेतला, त्याच्या हातून कसूर झाली तेव्हा जाब कोणी विचारला आणि त्यास दूर करण्याचा अधिकार कोणाकडे राहिला, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून सत्तेची रचना जितकी उघड होते तितकी ती कोणत्याही तत्त्वविवेचनातून होत नाही. गेल्या दीड दशकात संगणकांच्या जाळ्यावर ज्या विकेंद्रित क्रिप्टो-संस्था उदयास आल्या, आणि ज्यांना सामान्यतः ‘डाओ’ म्हणून ओळखले जाते, त्यांच्या उत्कर्षापकर्षाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांची यंत्रे प्रत्यक्ष चालविणारी माणसे कोणी, कशी आणि कोणत्या अटींवर नेमली, याचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. माझ्या मते या संस्थांचे सारे मर्म त्याच इतिहासात आहे.

आरंभी नेमणूक हा विषयच नव्हता. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या ब्लॉकचेनमधील, म्हणजे नोंदींच्या साखळीतील, पहिला ब्लॉक निर्माण झाला तेव्हा त्या व्यवस्थेचा पायाच असा घातला होता की, ज्याच्याजवळ संगणक आणि वीज आहे त्याने कोणाचीही परवानगी न घेता नोंदी लिहिण्याच्या स्पर्धेत उतरावे, आणि ज्याचे गणित आधी सुटेल त्याने ब्लॉक लिहून पारितोषिक घ्यावे. अर्ज नाही, शिफारस नाही, सनद नाही आणि बडतर्फीही नाही, असा तो कारभार होता. तथापि परवाना रद्द केल्याने सत्तेचे केंद्रीकरण रद्द होत नाही, हे लवकरच प्रत्ययास आले. २०१४ च्या जूनमध्ये जीहॅश-आयओ या एकाच संघाच्या हाती बिटकॉइनच्या एकूण गणनशक्तीचा निम्म्याच्या आसपास हिस्सा एकवटला, तेव्हा त्यास आवरण्याचे कोणतेही कलम कोणत्याही संहितेत नव्हते. लोकांनी आरडाओरड केली, काही खाणकाम करणारे, म्हणजे गणनशक्ती पुरविणारे, त्या संघातून बाहेर पडले, आणि अखेरीस आपला हिस्सा चाळीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचे आश्वासन त्या संघानेच दिले. ज्यास कोणी नेमले नव्हते त्यास काढता येणेही शक्य नव्हते, आणि सारा भरवसा त्याच्या शब्दावर येऊन ठेपला होता.

नेमणुकीचा प्रश्न प्रथम उघडपणे उभा राहिला तो २०१६ साली, इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवर ‘द डाओ’ नावाची संस्था स्थापन झाली त्या वेळी. त्या वर्षीच्या ३० एप्रिलपासून महिनाभरात सहस्रावधी लोकांनी या संस्थेत सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे ईथर, म्हणजे इथेरियमचे चलन, जमा केले. तिची कल्पना अशी होती की, कंत्राटदारांनी कामाचे प्रस्ताव मांडावेत, टोकनधारकांनी, म्हणजे ईथर देऊन मताधिकाराची टोकने घेणाऱ्यांनी, मतदान करावे, आणि बहुमत झाल्यावर स्मार्ट कॉन्ट्रॅक्टने, म्हणजे स्वतःहून अंमलात येणाऱ्या संगणकीय कराराने, पैसे परस्पर चुकते करावेत. परंतु रचनाकारांच्या ध्यानात एक अडचण आली: बहुमत गोळा करणाऱ्या एखाद्या टोळीने सारा खजिना स्वतःच्याच नावे मंजूर करून घेतला तर? म्हणून मतदानाच्या आधी ‘क्युरेटर’ नावाचे अकरा पंच बसविण्यात आले. प्रस्तावकर्त्याची ओळख पटवावी, त्याने दाखविलेली संगणकीय संहिता आणि प्रत्यक्ष बसविलेली संहिता एकच आहे याची खातरजमा करावी, आणि मगच त्याचा पत्ता पैसे घेण्यास पात्र अशांच्या यादीत घालावा, एवढेच त्यांचे काम. त्यांपैकी बहुतेकजण इथेरियमच्या जडणघडणीत प्रत्यक्ष वावरलेले होते. इथेरियमचे संस्थापक विटालिक ब्यूटेरिन यांचेही नाव त्या यादीत होते, तर सहसंस्थापक गॅव्हिन वुड यांनी अल्पावधीतच या पदाचा राजीनामा दिला.

१७ जून २०१६ रोजी एका अज्ञात इसमाने संहितेतील दोषाचा लाभ घेऊन सुमारे ३६ लाख ईथर वळवून नेले, आणि ‘द डाओ’चा अंत झाला. पंचांच्या यादीने हा दरोडा अडविला नाही, कारण दरोडेखोर कंत्राटदार म्हणून दारातून आलाच नव्हता. तो भिंतीच्या फटीतून शिरला होता. पुढे २० जुलै रोजी बहुसंख्य इथेरियमकरांनी साखळीच दुभंगून ती लूट उलटविली, आणि ज्यांना हा हस्तक्षेप मान्य नव्हता त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक या नावाने पुढे चालविली. या प्रकरणाचा एक परिणाम मात्र फारसा लक्षात घेतला जात नाही. २५ जुलै २०१७ रोजी अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा ‘द डाओ’ची टोकने रोखे ठरतात या निष्कर्षाप्रत येताना त्याने ज्या गोष्टींवर बोट ठेवले त्यांत हे पंच आणि त्यांचा यादीवरील अधिकार प्रामुख्याने होता. कोणता प्रस्ताव लोकांसमोर यावा हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती कारभाराची सूत्रे असतात, हे सरकारी परीक्षकाच्या नजरेतून सुटले नाही.

याच सुमारास दुसऱ्या एका पंथाने नेमणुकीचा प्रश्न निवडणुकीने सोडवावयाचे ठरविले. डॅन लॅरिमर या रचनाकाराने २०१४ मध्ये बिटशेअर्स आणि २०१६ मध्ये स्टीम या साखळ्यांत अशी पद्धत आणली की, टोकनधारकांनी आपल्या साठ्याच्या प्रमाणात मते देऊन ब्लॉक लिहिणारे मोजके कारभारी निवडावेत. स्टीममध्ये त्यांना ‘विटनेस’ म्हणत, आणि सर्वाधिक मते मिळविणाऱ्या वीस जणांच्या हाती साखळीचा कारभार असे. वरवर पाहता ही प्रतिनिधिसभाच; परंतु तिच्या मुळाशी एक घातक तरतूद होती. प्रत्येक खातेदारास तीस विटनेसांना मत देता येई, आणि त्या प्रत्येक मताचे वजन त्याच्या संपूर्ण साठ्याएवढे धरले जाई. परिणामी ज्याच्याजवळ मतदान करणाऱ्या साठ्याचे बहुमत, त्यास वीसांपैकी काही जागा नव्हे, तर वीसच्या वीस जागा आपल्या माणसांनी भरता येत. अल्पमतास एकही जागा राखून न ठेवणाऱ्या या निवडणुकीवर चार वर्षे आपत्ती आली नाही ती एवढ्याचसाठी की, आरंभी स्वतःसाठी टोकनांचा प्रचंड साठा करून ठेवणाऱ्या संस्थापक कंपनीने तो मतदानासाठी न वापरण्याचे अभिवचन दिले होते आणि ते पाळले होते.

२०२० च्या फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या साखळीचे संस्थापक जस्टिन सन यांनी ती कंपनी विकत घेतली, आणि साठ्याचा मालक बदलला. अभिवचन जुन्या मालकाचे होते. नवा मालक ते पाळील की नाही याची शाश्वती कोणासही देता येईना. विटनेसांनी २३ फेब्रुवारीच्या सुमारास एक तात्पुरती दुरुस्ती अंमलात आणून तो साठा गोठविला. हे कृत्य आत्मरक्षणाचे की परद्रव्याच्या जप्तीचे, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद झाले आणि ते अद्याप मिटलेले नाहीत. त्यानंतर २ मार्च रोजी जे घडले त्याविषयी मात्र मतभेदास फारशी जागा नाही: बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या मोठ्या एक्स्चेंजांनी ग्राहकांनी विश्वासाने ठेवलेली टोकने मतदानास लावली, आणि पाहता पाहता वीसही विटनेस बडतर्फ होऊन त्यांच्या जागी नवे, कालपर्यंत कोणास ठाऊक नसलेले कारभारी येऊन बसले. मतदानास लावलेली ही टोकने मोकळी होण्यास स्टीमच्या नियमानुसार तेरा आठवडे लागत असत, म्हणजे ठेवीदाराची ठेव त्याच्या नकळत अडकून पडली. गदारोळ झाल्यावर एक्स्चेंजांनी आपली मते काढून घेतली. परंतु एव्हाना विश्वास उडाला होता. २० मार्च रोजी जुन्या समाजाने साखळीची नवी शाखा काढून तिला ‘हाइव्ह’ असे नाव दिले आणि त्या वादग्रस्त साठ्यास तीत हिस्सा नाकारला. तर मे महिन्यात मूळ स्टीमच्या नव्या कारभाऱ्यांनी विरोधकांच्या चौसष्ट खात्यांतील सुमारे २ कोटी ३६ लाख टोकने दुरुस्तीच्या बळावर काढून घेतली. ज्या व्यवस्थेत कारभारी नेमण्यास आणि काढण्यास मुदत नाही, हरकत घेण्यास अवसर नाही आणि अल्पमतास आसरा नाही, तेथे निवडणूक हे एका रात्रीत पार पडणारे सत्तांतर ठरते, हा धडा या प्रकरणाने पुढच्या सर्वांना दिला.

या उणिवांवर निराळ्या प्रकारच्या संस्था उपाय शोधीत होत्या, काही तर या प्रकरणाच्या आधीपासूनच. मेकर डाओने डिसेंबर २०१७ मध्ये ‘डाय’ हे डॉलरशी बांधलेले नाणे काढले, तेव्हा तारण ठेवलेल्या ईथरचा भाव साखळीस कळवावा कोणी, हा प्रश्न तिच्यापुढे होता. कारण भाव खोटा कळविला तर एका घटकेत सहस्रावधी ऋणकोंचे तारण लिलावात निघावे. या कामी मेकरने भाव कळविणाऱ्यांचे एक मंडळ टोकनधारकांच्या मताने मंजूर केले, सर्वांनी सही करून पाठविलेल्या भावांतला मधला भाव ग्राह्य धरण्याचा नियम केला, आणि मंडळातील काही सभासद नावानिशी प्रकट ठेवून काहींची ओळख मुद्दाम गुप्त राखली, की त्यांना धमकावणे वा फितविणे दुष्कर व्हावे. त्यातही तारणाचा नवा भाव अंमलात येण्यापूर्वी एक तासाची मुदत ठेवली, जेणेकरून मंडळच भ्रष्ट झाले तरी कारभाऱ्यांस हालचाल करण्यास अवधी मिळावा. मुदत हे सत्तेवरील बंधन होऊ शकते, ही जाणीव येथे प्रथम व्यवहारात उतरलेली दिसते.

नेमणुकीची पद्धत सर्वाधिक विस्ताराने रचली ती लिडो या संस्थेने. १ डिसेंबर २०२० रोजी इथेरियमची नवी बीकन साखळी सुरू झाली. तीत ब्लॉकांची शहानिशा करणाऱ्या प्रत्येक व्हॅलिडेटरमागे ३२ ईथर अनामत ठेवावे लागत, आणि गैरवर्तन घडल्यास त्यातून दंड कापला जाई. या दंडास ‘स्लॅशिंग’ म्हणतात. ज्यांच्याजवळ इतके ईथर नाही, वा यंत्र अहोरात्र चालविण्याचे कौशल्य नाही, अशांचे ईथर एकत्र करून ते व्यावसायिक नोड ऑपरेटरांच्या हाती सोपविण्याचा उद्योग लिडोने त्याच महिन्यात आरंभिला. पारितोषिकातून दहा टक्के कापून घेऊन त्यातील निम्मा भाग ऑपरेटरांस आणि निम्मा संस्थेच्या खजिन्यास द्यावा, असा हिशेब ठरला. ऑपरेटरांकडून रोख जामीन मात्र घेतला जात नसे. त्यांची आजवरची पत हाच जामीन. म्हणजे परक्याच्या धनावर परक्याने पहारा करावयाचा, आणि त्याच्या नेमणुकीचा निर्णय टोकनधारकांच्या सभेने घ्यावयाचा, असा हा त्रिकोण होता.

या सभेची कार्यपद्धती हळूहळू बांधेसूद होत गेली. ऑपरेटरांची भरती टप्प्याटप्प्याने होई. इच्छुकाने आपली संस्था, अनुभव, यंत्रे कोणत्या देशात आणि कोणाच्या इमारतीत ठेवली आहेत, कोणते सॉफ्टवेअर चालविले जाते आणि सहीच्या सांकेतिक किल्ल्या कशा सांभाळल्या जातात, याचे निवेदन अर्जात द्यावे. एका उपसमितीने अर्जांची छाननी करून शिफारस करावी. टोकनधारकांनी प्रथम कौल द्यावा. अर्जदाराने चाचणी-जाळ्यावर काम करून दाखवावे. आणि शेवटी साखळीवरील बंधनकारक मतदानाने त्याचे नाव ऑपरेटरांच्या नोंदवहीत चढावे, अशी ही पायऱ्यांची रचना होती. नाव चढले तरी त्यास किती व्हॅलिडेटर चालविता येतील याची मर्यादा वेगळी ठरे, आणि नव्या ठेवी ज्याच्याकडे सर्वांत कमी व्हॅलिडेटर असतील त्याच्याकडे प्रथम वळविल्या जात, की भार एका ठिकाणी साचू नये. मर्यादा वाढविण्यासारख्या नित्याच्या बाबींसाठी प्रत्येक वेळी सारी सभा बोलावणे अशक्य झाले, तेव्हा ‘ईझी ट्रॅक’ नावाची तोड काढण्यात आली: प्रस्ताव मांडावा, बहात्तर तास हरकतीसाठी खुला ठेवावा, आणि एकूण टोकनांच्या अर्ध्या टक्क्याएवढी हरकत आली नाही तर तो आपोआप मंजूर व्हावा. येथे संमतीचे स्थान हरकतीच्या अभावाने घेतले. यात सोय आहे तसा धोकाही आहे. कारण डोळे मिटून बसलेली सभा आणि समाधानी सभा यांतील भेद अशा व्यवस्थेस कळत नाही.

या पद्धतीत एक व्यंग होते ते सांगितलेच पाहिजे. नव्या अर्जदारांची छाननी करणाऱ्या उपसमितीत आधीच नेमलेल्या ऑपरेटरांचेच प्रतिनिधी बसत. यंत्राचे गुणदोष जाणणाऱ्यानेच यंत्रवाला पारखावा हे रास्त. पण उद्याच्या प्रतिस्पर्ध्यास आजच्या मक्तेदाराने पारखावे यातील हितसंबंधाची गुंतागुंत कोणत्याही नियमाने पूर्णतः सुटत नाही. शिवाय संस्थेचा विस्तार हाच एक प्रश्न होऊन बसला. २०२२ च्या जूनअखेर लिडोच्या हाती अनामत ईथरचा जवळजवळ तिसरा हिस्सा आला होता. आणि एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा एका हाती असला तर साखळीचे निर्णय अंतिम होणे रोखता येते, म्हणून संस्थेने स्वतःवर मर्यादा घालून घ्यावी असा प्रस्ताव टोकनधारकांपुढे आला. नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक मतांनी तो फेटाळला गेला. आपल्याच उत्पन्नावर बंधन घालण्याची अपेक्षा धन्याकडून करणे किती व्यर्थ असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

नेमलेल्या ऑपरेटरांच्या हातून चुका झाल्या तेव्हा ही पत कितपत खरी, याची कसोटी लागली. १३ एप्रिल २०२३ रोजी रॉकलॉजिक या ऑपरेटरचे अकरा व्हॅलिडेटर दंडित झाले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला लाँचनोड्सचे वीस. दोन्ही प्रसंगी ऑपरेटरांनी घडला प्रकार जाहीर केला आणि नुकसान भरून दिले. कायद्याने बांधलेला जामीन नसताना त्यांनी ते भरले, कारण नोंदवहीत नाव टिकविण्याची किंमत त्या नुकसानीहून मोठी होती. पतीवर उभी राहिलेली व्यवस्था पोकळच असते असे म्हणणाऱ्यांनी या दोन घटनांचा विचार करावा. आणि ती सदैव पुरेशी असते असे मानणाऱ्यांनी २०२१ च्या ऑक्टोबरात उघडकीस आलेल्या त्रुटीचा, जीमुळे एखाद्या दुष्ट ऑपरेटरास नव्या ठेवी स्वतःच्या किल्लीखाली वळविता आल्या असत्या. ती त्रुटी एका प्रतिस्पर्धी संस्थेच्या संस्थापकाने वेळीच कळविली म्हणून अनर्थ टळला.

याच्या नेमका विरुद्ध मार्ग रॉकेट पूलने धरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत ऑपरेटरची पत कोणी पारखत नाही. आरंभी जो पदरचे सोळा ईथर आणि वर संस्थेच्या टोकनांचे तारण ठेवील तो ऑपरेटर होई. परंतु व्हॅलिडेटरांची शिल्लक साखळीवरील करारांस कळविणारे कोणीतरी हवेच, आणि त्यासाठी तेथेही एक निमंत्रित मंडळ नेमावे लागले, ज्यात प्रवेश विद्यमान सभासदांच्या संमतीने आणि अनामत भरूनच मिळतो. नेमणूक पुढच्या दाराने घालविली तर ती मागच्या दाराने परत येते, हे तत्त्व येथे पुन्हा सिद्ध झाले. उलट बाजूने लिडोनेही २०२४ च्या ऑक्टोबरात सामान्य लोकांसाठी एक स्वतंत्र विभाग उघडला, ज्यात कोणाच्याही शिफारशीवाचून, पहिल्या व्हॅलिडेटरमागे २.४ ईथर अनामत ठेवून ऑपरेटर होता येते. पतीचा मार्ग आणि अनामतीचा मार्ग परस्परांच्या जवळ येत गेले, आणि ही गोष्ट मला फार आशादायक वाटते.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. २०१७ साली मुंबईतील तरुण संगणकतज्ज्ञांनी मॅटिक या नावाने आरंभिलेल्या आणि पुढे पॉलिगॉन म्हणून जगभर गेलेल्या जाळ्याने व्हॅलिडेटरांच्या जागांस ठराविक संख्येचे बंधन घातले, आणि त्याची सार्वजनिक चाचणी-साखळी तर २०२४ पर्यंत मुंबई याच नावाने चालत होती. जागा मर्यादित म्हटल्या की आळशी कारभाऱ्याने अडविलेली जागा ही उमेदवारावर अन्याय ठरते. म्हणून तेथे पुढे किमान कामगिरीचे प्रमाण ठरविण्यात आले, आणि त्याखाली घसरणाऱ्यास प्रथम सूचना, मग अखेरची सूचना, आणि तरीही सुधारणा न दिसल्यास निरोप, अशी शिस्त लागली. नेमणूक देणे सोपे असते. न्यायाने आणि पूर्वसूचनेने ती काढून घेणे हे कठीण काम आहे, आणि ते करण्याची तयारी या जाळ्याने दाखविली.

अलीकडच्या दोन घटनांनी हा विकास एका टप्प्यावर आणून ठेवला आहे. २०२५ च्या मे महिन्यात लिडोस साखळीची माहिती पुरविणाऱ्या नऊ जणांच्या मंडळातील एका सभासदाची किल्ली चोरीस गेली. मंडळाच्या निर्णयास नऊपैकी पाच सह्या लागत असल्याने एका किल्लीने काही साधले नाही. चोरास दीड ईथरहून कमी मिळाले, आणि तातडीच्या मतदानाने ती किल्ली बदलण्यात आली. त्याच वर्षाच्या मध्यास लिडोने दुहेरी शासनाची पद्धत अंमलात आणली. तोवर ज्यांचे ईथर संस्थेत गुंतलेले होते, त्या ठेवीदारांस कारभारात आवाज नव्हता. आवाज होता तो फक्त टोकनधारकांस. आता ठेवीदारांपैकी एक टक्का साठा विरोधात उभा राहिल्यास टोकनधारकांच्या निर्णयाची अंमलबजावणी लांबणीवर पडते, आणि विरोध दहा टक्क्यांपर्यंत गेल्यास, विरोध करणाऱ्यांस आपले धन काढून घेऊन जाता येईपर्यंत निर्णय थांबतो. ज्याचे धन पणास लागले आहे त्यास किमान नकाराचा आणि निर्गमनाचा हक्क हवा, हे तत्त्व मान्य होण्यास साडेचार वर्षे लागली.

या सर्व वृत्तान्तातून मला जे दिसते ते असे. संहिता कारभाऱ्याची जागा घेईल ही या चळवळीची मूळ श्रद्धा होती, आणि ती खरी ठरली नाही. यंत्रे कोणीतरी चालवावी लागतात, भाव कोणीतरी कळवावा लागतो, किल्ल्या कोणाच्या तरी हाती द्याव्या लागतात. परंतु या श्रद्धेचा पराभव म्हणजे चळवळीचा पराभव नव्हे. तिने नेमणुकीची प्रत्येक पायरी सर्वांना दिसेल अशा नोंदवहीत आणली, अर्जदाराची पारख, त्याची मर्यादा, हरकतीची मुदत, चुकीची भरपाई आणि ठेवीदाराचे निर्गमन यांस लेखी नियमांचे रूप दिले, आणि हे सारे सुमारे सोळा वर्षांत, प्रत्येक वेळी एखाद्या आपत्तीची किंमत मोजून केले. उणीव उरते ती मतदारांची. लिडोत साखळीवरील मतदानास एकूण टोकनांपैकी पाच टक्के पाठिंबा पुरेसा धरला जातो. म्हणजे कोट्यवधी डॉलरांचे पहारेकरी मोजक्या जागरूक हातांनी नेमले जातात. कितीही चोख संहिता लिहिली तरी ती मालकांच्या औदासीन्यावर उपाय करू शकत नाही. म्हणून आपली ठेव अशा संस्थेत ठेवणाऱ्या प्रत्येकाने नफ्याचा दर विचारण्याच्या आधी तिच्या ऑपरेटरांची यादी, त्यांच्या नेमणुकीचे नियम आणि त्यांना दूर करण्याची रीत विचारावी. जी संस्था या तीन गोष्टी उघडपणे दाखवू शकत नाही, ती स्वतःस कितीही विकेंद्रित म्हणवीत असली तरी तिच्यावर विसंबू नये.